किनारा की होडी?

(समुद्राच्या पोटात उतरण्याचे दोन मार्ग आहेत. एक किनाऱ्यावरून चालत जाण्याचा, दुसरा होडीतून उडी घेण्याचा. या दोन मार्गांत फरक काय, आणि पाण्यात उतरणाऱ्याने सर्वांत आधी कोणता प्रश्न विचारावा, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)



एकदा वर्गात मी फळ्यावर ‘दर्या’ हा शब्द लिहिला आणि त्याचा अर्थ विचारला. भराभर हात वर झाले. “सर, नदी!” सगळे एका सुरात म्हणाले. उर्दूच्या दृष्टीने हे उत्तर अगदी बरोबर होते. पण मराठीत दर्या म्हणजे समुद्र. फारसीतून हा शब्द दोन्ही भाषांत आला. एका घरी तो नदी झाला, दुसऱ्या घरी समुद्र झाला. कोकणातला कोळी “दर्यात गेलो होतो” असे म्हणाला, तर तो नदीवर गेला होता असे समजू नका!

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांबरोबर मालवणला जाऊन आला होता. “सर, मी दर्याच्या आत जाऊन आलो,” तो म्हणाला. वर्ग हसला. पण त्याचे म्हणणे खरे होते. एका होडीने त्याला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नेले होते. तेथे त्याच्या डोळ्यांवर काचेचा मुखवटा बसवला, तोंडात हवेची नळी दिली आणि एका प्रशिक्षकाने त्याला धरून पाण्याखाली नेले. तेथे त्याने पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे पाहिले.

दुसऱ्या मुलाने लगेच विचारले, “मालवणला एवढा लांबलचक किनारा आहे. मग होडीतून कशाला नेले? किनाऱ्यावरूनच चालत का नेले नाही? ते तर सोपे!”

इतक्यात घंटा झाली आणि प्रश्न तसाच राहिला. प्रश्न चांगला आहे. आज आपण त्याचे उत्तर शोधू. त्यासाठी आधी थोडे दूर, तांबड्या समुद्रापर्यंत जाऊ आणि मग पुन्हा मालवणला येऊ.

पाण्यात बुडी मारणाऱ्याला उर्दूत ‘गोताखोर’ म्हणतात. मराठीत त्याला ‘पाणबुड्या’ म्हणतात. पाणबुड्यांचा धंदा फार जुना आहे. इराणच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे पायाला दगड लावून खाली जात. त्यांच्याजवळ हवेचे कोणतेही साधन नसे. छातीत भरून घेतलेला एक श्वास, एवढीच त्यांची शिदोरी. खाली गेलेल्या माणसाने दोराला हिसका दिला की होडीवरचा सोबती त्याला भराभर वर ओढून घेई. दोर धरणारा सोबती बेसावध राहिला, तर खालच्याचा जीव धोक्यात येई. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

एका श्वासावर माणूस पाण्याखाली किती वेळ राहणार? हवा बरोबर नेता आली तर? या प्रश्नावर अनेकांनी डोके चालवले. शेवटी फ्रान्समधील नौदल अधिकारी झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी एक साधन तयार केले. पाठीवर दाबाने भरलेल्या हवेचे सिलिंडर आणि तोंडात एक झडप. पाणबुड्या श्वास ओढेल तेव्हाच आणि लागेल तेवढीच हवा ही झडप देते. या झडपेला ‘रेग्युलेटर’ म्हणतात. अशा साधनाने मारलेल्या बुडीला आज जगभर ‘स्कूबा डायव्हिंग’ म्हणतात.

१९४३ च्या जून महिन्यात कूस्तो हे नवे साधन घेऊन समुद्रात उतरले. कोठून, ठाऊक आहे? फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बांदोल नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच्या एका लहानशा किनाऱ्यावरून ते पाठीवरचे ओझे सांभाळत, बदकासारखे डुलत पाण्यात शिरले. म्हणजे ही प्रसिद्ध बुडी होडीतून नव्हे, तर किनाऱ्यावरून मारलेली होती. पण ते एकटे नव्हते. त्यांची पत्नी सिमोन पाण्यावर तरंगत वरून त्यांच्यावर नजर ठेवून होती. त्यांचा मित्र फ्रेडेरिक द्यूमा किनाऱ्यावर तयारीत बसला होता. काही विपरीत घडलेच, तर त्याने तत्काळ पाण्यात झेपावायचे असे ठरले होते. एक माणूस खाली आणि दोन माणसे त्याच्या परतीसाठी वर!

पुढे १९५० मध्ये कूस्तो यांना ‘कॅलिप्सो’ नावाचे जहाज मिळाले. एके काळी ते जहाज समुद्रातले सुरुंग काढण्याचे काम करीत असे. १९५१ च्या अखेरीस हे जहाज घेऊन ते तांबड्या समुद्राच्या मोहिमेवर निघाले. किनाऱ्यावरून सुरू झालेला त्यांचा प्रवास असा जहाजापर्यंत पोहोचला.

तांबडा समुद्र तुम्हांला परका नाही. उर्दूत त्याला ‘बहीरा-ए-अहमर’ किंवा ‘बहीरा-ए-कुलज़ुम’ म्हणतात. अहमर म्हणजे तांबडा. मुंबईहून जिद्द्याला जाणारी हाजींची जहाजे १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत याच समुद्रातून जात असत. तुमच्यापैकी एखाद्याच्या आजोबांनी किंवा पणजोबांनी त्या जहाजाच्या कठड्याशी उभे राहून हे पाणी पाहिले असेल. या समुद्राला बारमाही वाहणारी एकही नदी मिळत नाही. नदी नाही, म्हणून गाळ नाही. गाळ नाही, म्हणून पाणी काचेसारखे स्वच्छ. पाणी स्वच्छ आणि उबदार, म्हणून तेथे प्रवाळ भरपूर वाढतात. प्रवाळ म्हणजे मूंगा किंवा मर्जान. लहान लहान समुद्रजीव आपल्याभोवती चुन्याची घरे बांधतात. अशा असंख्य घरांची मिळून समुद्रात भिंत तयार होते. तिला प्रवाळभिंत म्हणतात. रंगीबेरंगी मासे या भिंतीच्या आश्रयाने राहतात.

या समुद्राच्या उत्तर टोकाशी इजिप्तचा सिनाई द्वीपकल्प आहे. तेथे दहाब आणि शर्म अल-शेख अशी दोन गावे आहेत. दोन्ही गावे पाणबुड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. दहाबमध्ये पाणबुडे बहुतेक वेळा किनाऱ्यावरून पाण्यात उतरतात, तर शर्म अल-शेखमध्ये मुख्यतः होडीतून. समुद्र एकच, पण रीत वेगळी. असे का बरे?

आधी दहाबला जाऊ. अरबीत ‘ज़हब’ म्हणजे सोने. त्यावरूनच या गावाचे नाव पडले. पूर्वी ही बेदुइन मच्छीमारांची वस्ती होती. येथे प्रवाळभिंत किनाऱ्याला अगदी खेटून आहे. गुडघाभर पाण्यातून थोडे चालत गेले की पुढे भिंत खोल उतरू लागते. मग होडी हवी कशाला? पाणबुडे किनाऱ्यावर सामान अंगावर चढवतात. सिलिंडर, शिशाची वजने, रेग्युलेटर आणि इतर साहित्य मिळून वीस-पंचवीस किलो ओझे होते. एवढे ओझे घेऊन ते सावकाश पाण्यात शिरतात. पाणी छातीपर्यंत आले की ओझे हलके वाटू लागते. मग ते पायांत रबरी पंजे चढवतात आणि पोहू लागतात. जेथे मोटार जात नाही अशा काही जागी सिलिंडर उंटाच्या पाठीवरून नेतात. समुद्रात उतरण्यासाठी वाळवंटाच्या जहाजाची मदत!

किनाऱ्यावरून उतरण्याचे फायदे आता तुमच्या ध्यानात आले असतील. होडीचे भाडे लागत नाही. होडी सुटण्याची वेळ गाठावी लागत नाही. ज्यांना बोट लागते, म्हणजे होडीच्या हेलकाव्यांनी मळमळते, त्यांना तो त्रास होत नाही. खोली हळूहळू वाढत जाते. त्यामुळे नवशिका माणूस उथळ पाण्यात थांबून शिकू शकतो. भीती वाटली तर वळून किनाऱ्याकडे येऊ शकतो.

पण यातच एक मेख आहे. ती समजण्यासाठी थोडे गणित करू.

आपल्या सभोवती जी हवा आहे, तिचा दाब साधारण एक बार असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला हा दाब आणखी एका बारने वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट. त्याच प्रमाणात एकेका श्वासाला जास्त हवा खर्च होते. समजा, एका पाणबुड्याला पाण्याच्या वर मिनिटाला २० लिटर हवा लागते. मग १० मीटर खोलीवर त्याला ४० लिटर लागेल आणि ३० मीटरवर ८० लिटर. त्याच्या पाठीवर १२ लिटरचा सिलिंडर आहे आणि त्यात २०० बार दाबाने हवा भरली आहे. म्हणजे त्याच्याजवळ १२ गुणिले २००, अशी २४०० लिटर हवा झाली. तिच्यातला ५० बारांचा, म्हणजे ६०० लिटरचा साठा अडचणीसाठी राखून ठेवायचा. उरली १८०० लिटर. दहा मीटर खोलीवर ती ४५ मिनिटे पुरेल.

आता सांगा, किनाऱ्यावरून निघालेला पाणबुड्या पुढे किती वेळ जाऊ शकेल? पंचेचाळीस मिनिटे? मुळीच नाही! त्याला तेवढेच अंतर परत यायचे आहे. निम्मी हवा जाण्यासाठी आणि निम्मी येण्यासाठी. म्हणजे साधारण २२ मिनिटांनी त्याने मागे फिरलेच पाहिजे. दाबमापकाचा काटा २०० वरून १२५ वर आला, की समोर कितीही सुंदर मासा दिसो, पाठ फिरवायची. त्यात परतताना पाण्याचा प्रवाह विरुद्ध असेल, तर आणखी लवकर. जाताना प्रवाह पाठीशी असला की पोहणे फार सोपे वाटते. परत येताना तोच प्रवाह तोंडावर येतो. म्हणून शहाणा पाणबुड्या निघताना प्रवाहाच्या विरुद्ध जातो आणि येताना प्रवाहाबरोबर येतो.

शिवाय किनाऱ्याला लाटा असतात. सकाळी शांत असलेले पाणी दुपारी वारा सुटल्यावर उसळू लागते. पाठीवर पंचवीस किलो ओझे, अंगात थकवा आणि मागून फुटणारी लाट, अशा वेळी घोट्याइतक्या पाण्यातही माणूस आपटतो. पायाखाली धारदार दगड असतात. काटेरी समुद्रजीव असतात. अनुभवी पाणबुडे सांगतात की, आत जाण्याआधी बाहेर येण्याची जागा पाहून ठेवा.

दहाबच्या उत्तरेला ‘ब्लू होल’ नावाची प्रसिद्ध जागा आहे. प्रवाळाच्या पठारात पडलेला हा एक गोल, निळा खड्डा आहे. किनाऱ्यापासून चार पावलांवर! पण त्याची खोली सुमारे १०० मीटर आहे. पाण्याखाली साधारण ५५ मीटरवर एक कमान आहे. तिच्यातून बाहेरच्या समुद्रात जाता येते. हौशी पाणबुड्यांसाठी जास्तीत जास्त ४० मीटरची मर्यादा सांगितली जाते. तरीही त्या कमानीच्या मोहाने अनेक जण खाली गेले आणि परत आले नाहीत. खोलवर गेल्यावर हवेतला नायट्रोजन डोक्यावर नशेसारखा परिणाम करतो. माणसाला बरे-वाईट कळेनासे होते. ब्लू होलजवळच्या कड्यावर मरण पावलेल्या पाणबुड्यांच्या स्मरणार्थ नावांच्या पाट्या बसवलेल्या आहेत. त्या पाट्यांसमोरूनच पुढचे पाणबुडे पाण्याकडे जातात. “किनाऱ्यावरून जाणे सोपे” असे म्हणणाऱ्याने त्या पाट्या डोळ्यांसमोर आणाव्यात. किनारा जवळ असतो, पण खोली दूर नसते.

आता शर्म अल-शेखला येऊ. हे गाव दहाबच्या नैर्ऋत्येला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. सिनाईच्या अगदी दक्षिण टोकाला रास मुहम्मद हे भूशिर आहे. ‘रास’ म्हणजे डोके, टोक. १९८३ मध्ये या भागाला राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर करण्यात आले. येथल्या अनेक उत्तम जागा किनाऱ्यापासून दूर किंवा उभ्या कड्यांखाली आहेत. तेथे चालत जाता येत नाही. होडीच हवी.

त्याहून दूर ‘थिसलगॉर्म’ हे बुडालेले जहाज आहे. दुसऱ्या महायुद्धात हे ब्रिटिश जहाज आपल्या सैन्यासाठी सामान घेऊन निघाले होते. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी त्याच्यावर बाँब टाकले आणि ते बुडाले. नऊ माणसे मृत्यू पावली. आज ते सुमारे ३० मीटर खोलीवर उभे आहे. त्याच्या पोटात मालमोटारी, मोटारसायकली आणि बंदुका अजून दिसतात. १९५० च्या दशकात कूस्तो यांची माणसे या जहाजापर्यंत पोहोचली होती. शर्म अल-शेखहून होड्या पहाटेच्या अंधारात निघतात आणि काही तासांनी येथे पोहोचतात. प्रवाह जोरदार असतो. म्हणून आधी एक दोर बुडालेल्या जहाजाला बांधतात. पाणबुडे त्या दोराच्या आधाराने खाली जातात आणि त्याच दोराच्या आधाराने वर येतात. मोती काढणाऱ्यांचा तो जुना दोर आठवला का?

होडीतून उतरण्याचे फायदे असे आहेत. ओझे घेऊन चालावे लागत नाही. होडीच्या कडेवर बसून पाठीमागे कोलांटी घेतली किंवा उभ्याने एक लांब पाऊल पुढे टाकले, की माणूस पाण्यात. थेट पाहण्याच्या जागीच उतरायचे असते. त्यामुळे जाण्यायेण्यात हवा वाया जात नाही. फुटणाऱ्या लाटांशी झगडावे लागत नाही. थकून वर आल्यावर हात देणारे खलाशी असतात.

पण येथेही एक मेख आहे. होडी जागची हलू शकते. किनारा हलत नाही! प्रवाहाबरोबर वाहत गेलेला पाणबुड्या होडीपासून दूर वर येतो. दोन लाटांच्या मध्ये माणसाचे डोके नारळाएवढे दिसते आणि पाहता पाहता दिसेनासे होते. म्हणून पाणबुडे जवळ रंगीत फुगा ठेवतात. वर येताना तो फुगवून सोडला की होडीवाल्याला खूण पटते. होडीच्या पंख्यापासूनही सावध राहावे लागते. वर येताना डोके वर करून पाहायचे आणि कान देऊन ऐकायचे असते.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे होडीवरच्या माणसांनी मोजणी बरोबर केली पाहिजे. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभिंतीवर एक होडी २६ प्रवाशांना घेऊन गेली होती. संध्याकाळी होडी परत निघाली तेव्हा एक पती-पत्नी अजून पाण्यातच होते. मोजणीत चूक झाली होती. त्यांचे सामान होडीवरच पडून होते. तरी कोणाच्या लक्षात आले नाही. ही गोष्ट उघडकीस आली दोन दिवसांनी! मग शोधाशोध झाली. पण त्या दोघांचा पत्ता कधीच लागला नाही. त्यानंतर तेथील क्वीन्सलँड राज्यात मोजणीचे नियम कडक करण्यात आले. एक, दोन, तीन असे मोजायला पहिलीतल्या मुलालाही येते. पण त्या मोजणीवर दोन जीव अवलंबून होते.

मित्रांनो, होडीच्या प्रमुखाला उर्दूत ‘नाखुदा’ म्हणतात. कोकणात त्याच शब्दाचा ‘नाखवा’ झाला. होडीतून उतरणारा माणूस आपल्या परतीची वाट नाखव्याच्या स्वाधीन करून उतरतो. किनाऱ्यावरून उतरणाऱ्याला मात्र परतीची वाट स्वतःच लक्षात ठेवावी लागते. दोन पद्धतींतला खरा फरक हाच आहे. पाणी दोन्हीकडे सारखेच खारे, दाब सारखाच, हवाही सारखीच. फरक आहे तो परतीचा.

काही नियम मात्र दोन्हीकडे सारखेच आहेत. कधीही एकट्याने उतरू नये. वर येताना श्वास कधीही रोखून धरू नये, कारण वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसांतली हवा फुगते आणि फुप्फुसांना इजा होते. आपल्याच लहान बुडबुड्यांपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नये. पृष्ठभागाच्या खाली ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे, म्हणजे शरीरात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. किनाऱ्यावरून गेलेल्या माणसाचे हे थांबणे उथळ पाण्यातून परतताना आपोआप होऊ शकते. होडीवाल्याला दोर धरून किंवा पाण्यात तोल सांभाळत थांबावे लागते.

आता आपण पुन्हा मालवणला येऊ. त्या मुलाचा प्रश्न आठवतो ना? “किनाऱ्यावरून चालत का नेले नाही?” मालवण-तारकर्लीचा किनारा वाळूचा आहे. तेथे लाट फुटते, वाळू उसळते आणि पाणी गढूळ होते. मासे आणि प्रवाळ आहेत ते किल्ल्याच्या आसपासच्या खडकांजवळ. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. दहाबसारखी भिंत येथे किनाऱ्याला खेटून नाही. म्हणून मालवणला होडी लागते. पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा तर होडीही जात नाही. म्हणजे किनारा की होडी, हे माणसाच्या आवडीवर ठरत नाही. ते तिथला समुद्र ठरवतो.

उत्तर मिळाले. पण उत्तर देताना मला एक गोष्ट जाणवली. “सोपे काय?” हा आपला प्रश्नच अपुरा होता. कोकणच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली चांगली पोहणारी मुलेही कधी कधी बुडतात. त्यांना आत जाणे कठीण नसते. पाणी गुडघ्याएवढेच असते, मित्र हाका मारत असतात, ओहोटी पायांना हळूच ओढत असते. आत जाणे नेहमीच सोपे असते. म्हणून पुढच्या वेळी तुम्ही समुद्रावर, नदीवर, विहिरीवर किंवा तलावावर गेलात, तर पाण्यात पाऊल टाकण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. मी परत कोठून येणार? आणि मी परत आलो की नाही, हे पाहणारे कोण आहे?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे असतील, तर खुशाल उतरा. एकाचेही उत्तर नसेल, तर किनाऱ्यावर बसून दर्या पाहा. तोही काही कमी सुंदर नसतो.

शब्दार्थ

दर्या – समुद्र, समंदर (उर्दू ‘दरिया’ म्हणजे मराठीत नदी)
पाणबुड्या – गोताखोर
प्रवाळ – मूंगा, मर्जान
शिदोरी – प्रवासासाठी बरोबर घेतलेले खाणे, तोशा
बेसावध – ग़ाफ़िल
भूशिर – समुद्रात घुसलेले जमिनीचे टोक, रास
नाखवा – होडीचा प्रमुख, नाखुदा
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे हटणे, जज़्र
भरती – समुद्राचे पाणी वर चढणे, मद
गढूळ – गदला
अभयारण्य – जेथे प्राण्यांना मारण्यास बंदी असते असा प्रदेश

वाक्प्रचार

मेख असणे – लपलेली अडचण असणे
बोट लागणे – होडीच्या किंवा जहाजाच्या हेलकाव्यांनी मळमळणे
नजर ठेवणे – लक्ष ठेवणे
हात देणे – मदत करणे
पत्ता न लागणे – शोधूनही न सापडणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठीत ‘दर्या’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) कूस्तो १९४३ मध्ये कोणत्या गावाजवळ पाण्यात उतरले?
(इ) तांबड्या समुद्राचे पाणी स्वच्छ का असते?
(ई) थिसलगॉर्म जहाज कधी बुडाले?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दहाबमध्ये पाणबुड्यांना होडीची गरज का पडत नाही?
(आ) निघताना प्रवाहाच्या विरुद्ध जाणे शहाणपणाचे का?
(इ) मालवणला पाणबुड्यांना होडीतून का नेतात?

प्रश्न ३. कारणे द्या.
(अ) पाणबुड्याने वर येताना श्वास रोखून धरू नये.
(आ) होडीवर माणसांची मोजणी नीट करावी लागते.

प्रश्न ४. गणित करा.
पाठातील पाणबुड्या १८०० लिटर हवा घेऊन २० मीटर खोलीवर राहिला, तर ती हवा त्याला किती मिनिटे पुरेल?

प्रश्न ५. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
खोल, भरती, स्वच्छ, सावध, सोपे

प्रश्न ६. उर्दूत आणि मराठीत सारखेच असणारे पाच शब्द पाठातून शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत वेगळा आहे, ते सांगा.

उपक्रम : तुमच्या गावाजवळच्या नदी, तलाव किंवा समुद्रावर वडीलधाऱ्यांबरोबर जा. पाण्यात उतरणाऱ्यांसाठी तेथे कोणत्या सूचना लावलेल्या आहेत, त्या वहीत लिहून आणा. सूचना नसतील, तर वर्गात सर्वांनी मिळून एक सूचनाफलक तयार करा.